पट्टी कुठे बांधली होती?

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते खेमराजभाऊ गेल्याची बातमी त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, फोनवर दिली, तेव्हा मी प्रयोगशाळेत प्रकाशपेटीवरची एक जुनी फिल्म पाहत उभा होतो. "तुमचे भाऊ गेले जी," एवढेच त्या बोलल्या. मी कधी, कसे असे काहीबाही विचारले, येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर फिल्म कडांना धरून उतरवली, पाकिटात घातली, पाकिटावर क्रमांक आहे ना ते पाहिले, आणि मगच खुर्चीवर बसलो. काहीही झाले तरी फिल्मवर बोट उमटू द्यायचे नाही, हे वळण त्यांनीच लावलेले होते.

तेरवीच्या दिवशी, भाऊ जिथे राहत त्या फुलचूरच्या समाजभवनात शोकसभा झाली. आमच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा संदेश तिथे वाचून दाखवण्यात आला. 'टेंभरे म्हणजे अचूकतेचा ध्यास. त्यांच्या नजरेतून केसाएवढी भेगही सुटत नसे.' लोकांनी माना हलवल्या. समोरच्या रांगेत वहिनी पदर सावरून बसल्या होत्या. त्यांची मान हलली नाही. मी मवाळ माणूस आहे. माझा आवाज चढलेला माझ्या घरच्यांनीही क्वचितच ऐकला असेल. पण ते वाक्य ऐकताना हातातला चहाचा कागदी पेला माझ्या मुठीत चुरगळला आणि चहा बाहीवर सांडला. कारण चौदा वर्षांपूर्वी याच अधिकाऱ्यांनी, याच टेंभऱ्यांच्या नजरेतून भेग सुटली म्हणून, त्यांना अणुभट्टीच्या दालनातून उचलून भांडारात नेऊन बसवले होते. ज्या माणसाची नजर आपण कागदोपत्री सदोष ठरवली, त्याच नजरेचे कौतुक त्याच्या तेरवीला पाठवताना या गृहस्थांचा हात जरासुद्धा अडखळला नसेल का... मग सूत्रसंचालकांनी माझे नाव पुकारले. मी उठलो. भाऊंचा साधेपणा, त्यांची शिस्त, आमगावकडच्या तांदळाचा त्यांचा अभिमान, यांवर चार मिनिटे बोललो आणि खाली बसलो. तो संदेश जितका खोटा होता, तितकेच माझे भाषणही खोटे होते. त्या दिवसापासून जो संताप मनात आहे, तो अजून उतरलेला नाही. आणि त्यातला किती वाटा कोणाचा, हे नीट मांडल्याशिवाय तो उतरू नये असेच मला वाटते.

खेमराज टेंभरे आमगावकडच्या एका खेड्यातले, पोवार शेतकऱ्याच्या घरातले. "आमचे पूर्वज माळव्यातून निघाले, इथं धानाच्या बांध्या पाहून थांबले. मीच एक येडा पुढं गेलो, अणुभट्टीपावतर," असे ते हसून सांगत. मी देवरी तालुक्यातल्या चिचगडचा. मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झालो, त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझा कागद पाहिला आणि एकदम आपल्या बोलीत शिरले. "चिचगडचा का गा? मंग जंगलात वाढला. डोरे चांगले असतील तुहे. इथं डोऱ्याचंच काम हाय." मुंबईत येऊन मला महिना झाला होता, तोवर कोणी माझ्याशी असे बोलले नव्हते. त्या चांगल्या म्हणवल्या गेलेल्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले, ते त्यांनी पाहिले नाही असे दाखवले.

आमचे काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. दवाखान्यातला क्ष-किरण हाडापाशी अडतो आणि मांसातून निघून जातो. न्यूट्रॉनचे याच्या उलट आहे. पोलादाच्या जाड भिंतीतून तो बराचसा पार होतो. पण त्या भिंतीआड पाणी, तेल, रबर, डिंक असे काही असेल, तर तिथे अडतो. त्यामुळे एखादी बंद धातूची वस्तू न फोडता तिच्या आतली रबराची कडी शाबूत आहे की चिरली आहे, हे न्यूट्रॉनच्या छायाचित्रात दिसू शकते. अणुभट्टीच्या भिंतीतून एक लांब नळी बाहेर येते. तिच्या मुळाशी लहानमोठे करता येणारे तोंड असते. त्यातून न्यूट्रॉन येतात, वस्तूतून जातात आणि मागच्या फिल्मवर तिची सावली उमटते. ही सावली किती बारीक गोष्ट वेगळी दाखवू शकते, याच प्रश्नावर भाऊंनी आयुष्य घालवले.

त्यांनी तो प्रश्न मला प्रयोगशाळेत शिकवला नाही. नोकरीतल्या माझ्या पहिल्याच दिवाळीला त्यांनी मला त्यांच्या गावी नेले. अंगणात नवे धान पसरले होते. त्यांनी ओसरीवरची चाळणी उचलली आणि सारवलेल्या जमिनीच्या अगदी जवळ, उन्हात आडवी धरली. जमिनीवर प्रत्येक छिद्राचा वेगळा ठिपका पडला. "मोज," म्हणाले. मी मोजू लागलो. ते चाळणी हळूहळू वर उचलत गेले. ठिपके आधी फुगले, मग एकमेकांत मिसळले, आणि हात गुडघ्यापाशी आला तेव्हा खाली नुसते एक करडे वर्तुळ उरले. "आता मोज ना. चाळनी तेच हाय, छिद्रं तेच हायेत. कुठं गेले?" मी वाकून जमीन न्याहाळू लागलो. "सूर्य म्हनजे आपल्या नळीचं तोंड. ते रुंद हाय, म्हनून सावली फाकते. वस्तू फिल्मपासून जितकी दूर, तितकी जास्त फाकते. तोंड बारीक केलं तर कमी फाकते, पन मंग न्यूट्रॉन बी कमी येते, फोटोले चौपट टाइम लागते. बस, एवढंच शास्त्र हाय. बाकी साहेब लोकाईच्या भाषनात." पुढे मी या विषयावरची जाडजूड पुस्तके वाचली. त्या चाळणीबाहेरचे मूलभूत असे फारसे काही मला त्यांत सापडले नाही.

याच समजेतून त्यांची ती पट्टी जन्माला आली. गॅडोलिनियम नावाच्या धातूचा कागदासारखा पातळ पत्रा घेऊन त्यावर त्यांनी स्वतः चिरा पाडल्या होत्या. पहिली रुंद, पुढची तिच्याहून बारीक, अशा उतरत जाणाऱ्या. हा धातू न्यूट्रॉनला जवळजवळ पूर्ण अडवतो, त्यामुळे छायाचित्रात प्रत्येक चीर स्वच्छ रेघ म्हणून उमटते. आणि जिथपासून रेघा एकमेकींत मिसळू लागतात, तिथे त्या छायाचित्राची नजर संपते. प्रत्येक छायाचित्रात ही पट्टी असलीच पाहिजे, आणि ती वस्तूच्या पाठीला बांधली पाहिजे, म्हणजे फिल्मपासून सर्वांत दूर असलेल्या बाजूला, हा त्यांचा नियम होता. दुसरे कोणी पट्टी फिल्मच्या पेटीवरच चिकटवून मोकळे झाले असते. काम पटकन होते आणि रेघा सुरेख येतात. भाऊ म्हणत, "फिल्मवर लावली तर ते फिल्मची परीक्षा झाली. पाठीले बांधली तर आपली." मग अहवालाच्या तळाशी ते स्वतःच्या अक्षरात लिहीत, की अमुक रुंदीपेक्षा बारीक चीर असल्यास ती या छायाचित्रात दिसणार नाही.

या शेवटच्या ओळीवरून वरिष्ठांशी त्यांचे कायम वाजत असे. कारखान्यांना 'दोष नाही' असा शिक्का हवा असायचा. "टेंभरे, तुम्ही प्रयोगशाळा चालवता की सत्यनारायण घालता? गिऱ्हाईक विचारतो एक, तुम्ही सांगता पोथी," असे, पुढे तो शोकसंदेश पाठवणारे अधिकारीच एकदा सर्वांदेखत म्हणाले. भाऊंनी शांतपणे उत्तर दिले, "साहेब, आमच्याकडे नागझिरा आहे. लोक चार तास गाडीत फिरतात आणि वाघ दिसला नाही म्हणून परत येतात. तिथला गाइडसुद्धा नोंदवहीत 'जंगलात वाघ नाही' असं लिहीत नाही." सारे हसले. साहेबही हसले. पण ते हसू त्यांनी जपून ठेवले होते, हे पुढे कळले.

आता त्या दिवसाकडे येतो. चौदा वर्षे मी या दिवसाला बगल देत आलो आहे... एका कारखान्यातून पोलादी व्हॉल्व्हची एक खेप तपासायला आली होती. प्रत्येकाच्या पोटात रबराची एक कडी होती. भाऊ वार्षिक वैद्यकीय तपासणीला गेले होते आणि दुपारी परतणार होते. साहेब सकाळीच दालनात आले. संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचा आहे, नळीचे तोंड मोठे उघडा, एकेक करत बसू नका, तबकात सहा-सहा मांडून घ्या, असे त्यांनी मला सांगितले. तोंडी सांगितले. तबकातल्या व्हॉल्व्हच्या कड्या फिल्मपासून चांगल्या चार-पाच बोटे दूर राहत होत्या. मोठे तोंड आणि वाढलेले अंतर... भाऊंच्या अंगणात गुडघ्यापाशी धरलेली चाळणी ती हीच. मला ते कळत होते. पट्टी पाठीला बांधली असती तर तिच्या रेघांचा काला झालेला छायाचित्रात स्पष्ट दिसला असता, आणि सारे काम पुन्हा करावे लागले असते. मी पट्टी फिल्मच्या पेटीवर लावली. रेघा सुरेख आल्या, अगदी शेवटच्या चिरेपर्यंत.

घाई होती, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षे सांगितले. ते खोटे आहे. घाई साहेबांना होती. माझी पदोन्नतीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, आणि टेंभऱ्यांपेक्षा माझ्या हातून काम लवकर सुटते, असे साहेब आदल्याच महिन्यात माझ्या तोंडावर म्हणाले होते. ते वाक्य मला आवडले होते. ज्या माणसाने मला बोट धरून शिकवले, त्याच्यापेक्षा मला वरचढ ठरवणारे वाक्य मला आवडले होते, हे लिहिताना आजही स्वतःची किळस येते. पण लिहायला हवे.

दुपारी भाऊ आले, दंडाला रक्त घेतल्याचा कापूस तसाच. त्यांनी फिल्मा प्रकाशपेटीवर ठेवल्या. पट्टीच्या रेघा पाहून ते थबकले. "मस्त आली रे," म्हणाले, आणि मग फिल्मवरून नजर काढून माझ्याकडे पाहून विचारले, "पट्टी पाठीले बांधली ना?"

मी म्हणालो, "हो जी."

त्यांनी सही केली.

काही महिन्यांनी त्या कारखान्यात त्यांतला एक व्हॉल्व्ह चाचणीच्या वेळी दाबाखाली निकामी झाला. आतली कडी चिरलेली होती. गरम तेल शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या तोंडावर उडाले आणि त्याचा उजवा डोळा गेला. ही बातमी आली त्या दिवशी भाऊ रजा टाकून इस्पितळात गेले. मी गेलो नाही. परत आल्यावर ते मला म्हणाले, "मानूस चांगला हाय गा. मले म्हने, डावा पुरते." मी मान हलवली आणि माझ्या टेबलाकडे वळलो. त्या कामगाराचा चेहरा मी अजूनही पाहिलेला नाही.

चौकशी समिती बसली. तीन जण होते. एका बाजूला साहेब बसले होते. नळीचे तोंड मोठे उघडायला कोणी सांगितले, असा प्रश्न निघताच साहेब म्हणाले, "तसा माझा लेखी आदेश असेल तर दाखवा." तो नव्हताच. मग अध्यक्षांनी भाऊंपुढे फिल्म ठेवली आणि विचारले, "पट्टी कुठे बांधली होती?" भाऊंनी फिल्म उचलली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होतो. फिल्म खाली ठेवून ते म्हणाले, "जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. ते मी पाहायला हवं होतं. सही माझी आहे."

"पण बांधली कोणी?" अध्यक्षांनी विचारले.

"दालन माझ्याकडे आहे, साहेब. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. मला कोणी काही विचारले नाही. 'मला कोणी विचारलेच नाही', हे वाक्य मी त्यानंतर किती वर्षे ढालीसारखे वापरले! विचारल्याशिवाय न बोलण्याचा नियम कुठे होता? खुर्ची मागे सारून उभे राहायला किती बळ लागले असते? खोलीबाहेर पडताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही, ही गोष्ट त्या 'हो जी'इतकीच मला डाचते.

भाऊंची बढती अडली ती अडलीच. निवृत्तीपर्यंतची पाच वर्षे त्यांनी भांडारात हातमोजे आणि स्क्रू वाटण्यात घालवली. तिथेही प्रत्येक खोक्यावर आतल्या स्क्रूचा एक नमुना बाहेर दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे खोके न उघडता आतले कळावे. अणुभट्टीच्या दालनातली त्यांची खुर्ची मला मिळाली. तिच्यावर वहिनींनी शिवलेली गादी होती. मी ती काढून द्यायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे, तुले बसाचं हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

पुढे फिल्म जवळजवळ गेली आणि तिच्या जागी चमकणारे पडदे, कॅमेरे, संगणक आले. पाहुणे येतात, मोठ्या पडद्यावर छायाचित्र पाहतात आणि "किती स्पष्ट!" म्हणतात. हा शब्द ऐकला की मी आधी पडद्यावर पट्टी शोधतो. संगणक कडा उजळतो, करडे पांढरे करतो; पण जी चीर सावलीतच फाकून नाहीशी झाली, ती कोणताही संगणक परत आणू शकत नाही. स्पष्ट दिसणे वेगळे आणि खरे दिसणे वेगळे, हे मी नव्या तंत्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगतो. पट्टी पाठीला बांधली नसेल तर छायाचित्र फेकून देतो. 'सर फार कडक आहेत', असे ते म्हणतात. हा कडकपणा कुठून आला, हे मी त्यांना कधीही सांगितले नाही. सत्याचा आग्रह धरण्याची ही किती सोयीची रीत... ज्यात स्वतःचे सत्य तेवढे वगळता येते!

भाऊंची आणि माझी शेवटची भेट गेल्या दिवाळीत झाली. निवृत्तीनंतर ते फुलचूरला राहत होते, आणि दर दिवाळीला गावी जाताना मी त्यांच्याकडे थांबत असे. आई-वडिलांच्या माघारी गावच्या घरातली ती चाळणी त्यांनी इथे आणली होती आणि ओसरीच्या भिंतीवर एका खिळ्याला, भिंतीसरशी टांगली होती. दुपारी ऊन तिरपे आत आले की चाळणीतून भिंतीवर शेकडो ठिपके उमटत, प्रत्येक वेगळा. भाऊ त्यांच्याकडे पाहत बसत. त्या दिवशी वहिनींनी फराळाची बशी माझ्यापुढे ठेवली. मग त्यांनी विचारले, "पट्टी कुठं बांधतेत आता?"

"पाठीला, भाऊ."

"सारेच?"

"सारेच. मी स्वतः पाहतो."

"बरं," ते म्हणाले. आणि थोडे थांबून, भिंतीकडेच पाहत, "बरं हाय." मला वाटले, कामाची चौकशी झाली. मी चिवडा संपवला, वहिनींना नमस्कार केला आणि निघालो.

शोकसभेतून परतल्यावर मला स्वस्थता मिळेना. तीन आठवड्यांनी रजा काढून मी पुन्हा फुलचूरला गेलो. वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि जे इतकी वर्षे जमले नव्हते ते दोन वाक्यांत संपले. "वहिनी, त्या दिवशी पट्टी मी फिल्मवर लावली होती. भाऊंनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "झालं?"

"हो."

"मले माहीत हाय. त्याईले चौकशीच्या दिवशीच समजलं होतं. घरी आले, जेवले नाही. मले म्हने, पट्टीची रेघ धारदार अन् व्हॉल्व्हची कड फाकलेली, एका फिल्मवर असं होत नाही."

तेव्हा माझा आवाज चढला. आयुष्यात कधी चढला नव्हता तसा, आणि चढला तो एका विधवेसमोर. "मग सांगितलं काऊन नाही त्यांनी? सगळं हातात होतं! एक शब्द बोलले असते तर मी नाही म्हणू शकलो नसतो. मला वाचवायला कोणी सांगितलं होतं त्यांना?"

"तुमाले वाचवाले नाही जी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज माझ्यासारखा चढला नाही, पण त्यात राग काठोकाठ होता. "तुमी का एवढे मोठे लागून गेले? मी बी तेच विचारलं होतं त्याईले. म्हने, कड माह्या समोर होती. मी फिल्मले विचाराचं सोडून मानसाले विचारलं. म्हनून सही माही. अन् तुमचं तुमी सांगाल, म्हने. त्याची वाट पायली त्याईनं. दर दिवाळीले तुमी या, फराळ करा, जा. तुमी गेले का ते फाटकापाशी उभे राहत. मी म्हनो, आज बी नाही का? ते म्हनत, नाही. मागच्या दिवाळीले तं त्याईनं सोताहून विचारलं, पट्टी कुठं बांधतेत. विचारलं का नाही?"

"विचारलं."

"मंग?"

मी चिवडा संपवून निघालो होतो. मला भाऊंचा राग येतो, हेही इथे लिहून ठेवतो. फिल्मला विचारायचे सोडून माणसाला विचारले, एवढा एकच दोष त्यांनी स्वतःपाशी धरला आणि त्याच्यासाठी आयुष्याची उरलेली उमेद भांडारात घातली. माझा वाटा मात्र माझ्याच हाती ठेवला. मी तो कधीतरी उचलीन, असा विश्वास धरून. एकदा माणसावर विश्वास ठेवून फसल्यावर पुन्हा त्याच माणसावर, चौदा वर्षे? इतका काटेकोर माणूस इथे इतका कसा चुकला! आणि मग कळते, की हा राग उलटा फिरून माझ्यापाशीच येतो. ते चुकले, कारण मी त्यांना चुकवले. दोन्ही वेळा.

"आता मले सांगून कोनाचं काम होते?" वहिनी म्हणाल्या. "जिथं त्याईचं नाव खराब झालं, तिथं सांगा. कागदावर. अन् त्या डोऱ्याच्या मानसाले सांगा. त्याले तं आजवर असंच वाटते का खेमराज टेंभऱ्यानं पायलं नाही म्हनून."

ऊन ओसरीत तिरपे आले होते. मी सवयीने भिंतीकडे पाहिले. ठिपके नव्हते. तेरवीच्या आधी घर चुन्याने पोतले, तेव्हा कोणी तरी चाळणी खिळ्यावरून काढून आढ्याच्या आकड्याला दोरीने अडकवून ठेवली होती, भिंतीपासून चांगली हातभर लांब. भिंतीवर तिची नुसती करडी, गोल सावली पडली होती. एकाही छिद्राचा पत्ता नव्हता. मी उठलो, दोरी सोडायला हात वर केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "पयले लिवा. मंग लावा खिळ्यावर."

मी हात खाली घेतला.

प्रयोगशाळेच्या संचालकांना मी पत्र दिले आहे. त्यात ती सकाळ, तो तोंडी आदेश, ते तबक, ती पट्टी आणि ते 'हो जी', सारे आहे. मोठ्या तोंडाचा आदेश कोणी दिला तेही नावानिशी आहे. नोंद दुरुस्त करावी आणि माझ्यावर जी व्हायची ती कारवाई व्हावी, एवढ्या दोनच मागण्या आहेत. त्या कामगाराचा पत्ता मिळवून त्यांनाही लिहिले आहे. भेटायला येऊ का, असे विचारले आहे. दोन्हीकडून अद्याप काही आलेले नाही. तिसरा कागद हा. तो छापून आला की अंक घेऊन फुलचूरला जाईन. वहिनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचतील, एकेक ओळ तपासत. त्यांना इतकी वर्षे भाऊंच्या शेजारी बसून तीच सवय लागली आहे. त्यानंतर मला आढ्याकडे हात नेऊ देतील की नाही, ते मला ठाऊक नाही. तोवर चाळणी तिथेच, भिंतीपासून हातभर लांब टांगलेली आहे, आणि रोज दुपारी तिची ती करडी सावली भाऊंच्या ओसरीत पडत असणार.